माशाचं गाव कोणतं?

घरटी एक काचपेटी आहे म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण संध्याकाळी वरुणतीर्थ वेशीपासून उभ्या मारुतीपर्यंत चालत गेलं, तर दोन-चार घरांच्या खिडकीतून निळ्या दिव्याची माशांची पेटी दिसतेच. निवृत्त मास्तरला वेळच वेळ असतो अशी समजूत असल्यामुळे गल्लीतली पोरं मला विचारतात, "सर, पहिल्यांदाच पेटी आणलीय, मासे कुठले सोडू?" मी इतिहास शिकवलेला माणूस. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं. आधी माशाचं गाव विचार. सोयरीक जमवताना आपण गाव-कूळ विचारतोच की! माशाच्या बाबतीत मात्र फक्त रंग बघतो.

तसं आमच्या पेठेचं पाण्याशी नातं जुनंच. आजचं गांधी मैदान म्हणजे बुजवलेलं वरुणतीर्थ तळं. मोठा पाऊस झाला की मैदानात पाणी साचतं आणि तळ्याला आपली जागा आठवते. असो.

सगळ्यात जास्त खपतो तो गोल्डफिश, आणि सगळ्यात जास्त मरतोही तोच. हा मूळचा चीनचा. साधारण हजार वर्षांपूर्वी, सुंग राजवटीत, तिथल्या लोकांनी तळ्यातल्या करड्या माशांमधून सोनेरी निघालेले वेगळे काढून वाढवले. पुढे मिंग काळात ते मोठाल्या चिनी मातीच्या भांड्यांत आले, वरून बघण्यासाठी. म्हणजे मूळ जात तळ्याची, थंड पाण्याची, खादाड, आणि नीट सांभाळली तर फूटभर वाढणारी. दहा-पंधरा वर्षं सहज जगणारी. त्याला आपण आणतो आणि काचेच्या वाटोळ्या बरणीत ठेवतो! आठ दिवसांनी तो उलटा तरंगतो, मुलं रडतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "मासे आपल्याला लाभत नाहीत." लाभायचा काय संबंध? म्हैस माळ्यावर बांधली तर ती तरी लाभेल का?

बरणीत मासा का मरतो, या प्रश्नाचा इतिहास मोठा मजेदार आहे. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या पेटीत दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देतात, मासे घेतात, सडलेली पानं गोगलगायी खातात, असा संसार त्याने जमवून दाखवला. तीनच वर्षांत, 1853 मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि विलायतेत घरोघरी पेट्यांचं वेड पसरलं. पण वॉरिंग्टनच्या हिशेबातली एक बाजू तेव्हा कुणाला दिसत नव्हती. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि तो विष आहे. पेटीतल्या वाळूवर, गाळणीच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला तीन-चार आठवडे लागतात. नव्या चकचकीत पेटीत ते नसतातच. म्हणून पहिल्याच दिवशी दहा मासे सोडणारा माणूस दहाही घालवतो. दोष पायगुणाचा नव्हे, जिवाणूंच्या गैरहजेरीचा.

निळ्या-लाल पट्ट्याचा निऑन टेट्रा सगळ्यांना हवा असतो. हा मासा 1936 साली जगाला माहीत झाला. ऑगस्ट राबो नावाच्या फ्रेंच माणसाने तो अॅमेझॉनच्या खोऱ्यातून आणला. तिथलं पाणी मऊ, पालापाचोळा कुजून चहासारखं झालेलं. दुकानातले निऑन आता बहुतेक शेतीवर वाढवलेले असतात, त्यामुळे थोडे सोशिक झालेत, तरी नव्या पेटीत आणि बोअरच्या जड पाण्यात ते टिकत नाहीत. वर्षभर पेटी सांभाळल्यावर आणावेत. आणि त्यांच्यासोबत एंजल ठेवू नये. एंजलही त्याच मुलखातला, मोठा झाला की निऑन गिळतो.

कोण कुणाला खातं, हे कळायला अॅमेझॉनला जायची गरज नाही म्हणा. आपल्या कृष्णा-पंचगंगेत एक मासा आहे, त्याचं नावच खवलचोर. दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खाणं हा त्याचा उद्योग. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मुंबईच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1952 साली त्याचं वर्णन केलं आणि हा मराठी शब्द जसाच्या तसा शास्त्रीय नावात घातला. आज जगातला कुठलाही अभ्यासक त्याला 'खवलचोर' असंच म्हणतो! मला या गोष्टीचा फार आनंद होतो. त्याच्याही आधी, 1839 मध्ये, कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांवर लिहिताना 'खुद्री', 'नुक्ता' अशी इथल्या बोलीतली नावं लॅटिनच्या पंक्तीला बसवली होती. दुकानात खवलचोर मिळत नाही, पण त्याच्या स्वभावाचा टायगर बार्ब मिळतो. तो खवलं नाही, शेपट्या कुरतडतो. गप्पीच्या किंवा फायटरच्या झुपकेदार शेपटीजवळ त्याला ठेवणं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर ठेवणं.

मग नवख्याने घ्यावं काय? माझं मत विचाराल तर झेब्रा. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे, दिवसभर धावपळ. हा मासा आपल्याच देशाचा. कंपनी सरकारच्या नोकरीतला डॉक्टर फ्रान्सिस बुकानन, ज्याचा 1800 सालचा म्हैसूर-मलबारचा प्रवास इतिहासवाल्यांना माहीत असतो, त्याने पुढे हॅमिल्टन हे आडनाव घेतलं आणि 1822 मध्ये गंगेच्या माशांवर ग्रंथ काढला. त्यात हा आहे. भातखाचरं, ओढे, साचलेली डबकी अशा ठिकाणी राहणारा. उन्हाळ्यात पाणी तापतं, थंडीत गार होतं, पावसाळ्यात गढूळ, हे सगळं त्याच्या पिढ्यांनी सोसलेलं. म्हणून कोल्हापूरची डिसेंबरची थंडी त्याला हीटरशिवायही बहुधा सोसते. हाच मासा पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी निवडला, 1981 साली त्यांचा त्यावरचा गाजलेला लेख आला, आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत तो असतो. माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांची जोडीदार जनुकं त्याच्यात सापडतात. आमच्या गल्लीत मात्र तो "साधा मासा" म्हणून मागे पडतो!

दुसरा गप्पी. हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदादचा, नाव पडलं ते 1866 मध्ये तिथून नमुने पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थावरून. आपल्याकडे तो शोभेसाठी नव्हे, हिवतापाच्या डासांच्या अळ्या खायला म्हणून आला. जड पाणी त्याला मानवतं. फक्त नर-मादी एकत्र आणू नका. मादी पिल्लंच टाकते, आणि महिन्याभराने पेटीची जत्रा होते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी घ्या, साधारण पन्नास लिटर पाणी बसतं. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. आधी दोन-तीनच झेब्रे सोडा, खाणं चिमूटभर. महिन्याने सहा-सात करा, कारण तो कळपाचा मासा, एकटा भेदरतो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. सगळं पाणी काढून पेटी साबणाने घासणारे लोक मी पाहिलेत. त्यात ते कमावलेले जिवाणूच धुऊन टाकतात.

राहता राहिला काच चाटणारा काळा सकर. "पेटी साफ ठेवतो" म्हणून दुकानदार हमखास देतात. हाही दक्षिण अमेरिकेचा, फुटापेक्षा मोठा होतो, अंगावर चिलखत, त्यामुळे त्याला इकडे फारसा शत्रू नाही. पेटीत मावेनासा झाला की लोक दयेपोटी नदीत सोडतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडू लागला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आपला रंकाळा पेठेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, म्हणून मुलांना मी हे मुद्दाम सांगतो : मासा नकोसा झाला तर पिशवीत घालून दुकानात परत न्या. पैसे मिळणार नाहीत, पण पुष्कळ दुकानदार ठेवून घेतात.