मातीच्या टेकडीतील राणी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा "मला कुठले लिहिता येते?" म्हणून मी टाळू लागले. माझी शाळा सातवीतच सुटली. इतिहासाची आवड मात्र सुटली नाही. दुपारची भांडी आवरली की मी काहीतरी वाचीत बसते. यंदा कोरिया देशातील राजेराण्यांच्या समाध्यांविषयी वाचले, तेच आपल्यापुढे ठेवते. चूकभूल द्यावी घ्यावी.

दक्षिण कोरियात ग्योंगजू नावाचे गाव आहे. ही सिल्ला राज्याची राजधानी. परंपरेप्रमाणे हे राज्य इ. स. पूर्व ५७ मध्ये स्थापन झाले आणि इ. स. ९३५ पर्यंत टिकले. या गावात हिरव्या गवताच्या गोलगोल टेकड्या आहेत. दुरून पाहणारास त्या निसर्गाने केल्याशा वाटतील. पण त्या माणसांनी रचलेल्या आहेत. आधी लाकडाची खोली करून तीत शवपेटी आणि दागदागिने ठेवीत. खोलीवर दगडगोट्यांची मोठी रास, तिच्यावर चिकणमाती आणि सर्वांवर मातीचा ढीग. आत जाण्यास दार नाहीच! लाकूड कुजले की दगड खाली बसत. त्यामुळे चोरांना आत शिरणे कठीण झाले आणि धन दीड हजार वर्षे जागच्या जागी राहिले.

१९२१ साली कोणी घर वाढविण्यासाठी जमीन खणीत असता अवचित सोन्याचा मुकुट निघाला. १९२६ साली दुसऱ्या एका समाधीच्या उत्खननात स्वीडनचे युवराज गुस्ताव्ह अडॉल्फ यांनी स्वतः हात लावला. पुढे १९७३ साली सर्वांत मोठी टेकडी उघडण्याचे ठरले. पण पहिला घाणा टाकण्यापूर्वी आपण एक अनारसा तळून पाहतो ना? तसे तेथील पंडितांनी आधी शेजारची लहान टेकडी खणून हात बसविला. त्या 'लहान' टेकडीतच ११,५२६ वस्तू सापडल्या! भूर्जाच्या सालीवर रंगविलेला, हवेत उधळणारा पांढरा घोडाही त्यांत होता. म्हणून तिला 'स्वर्गीय अश्वाची समाधी' म्हणतात.

मोठी टेकडी ही खरे म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन टेकड्या आहेत. लांबी सुमारे १२० मीटर आणि उंची सुमारे २३ मीटर. १९७३ ते १९७५ पर्यंत काम चालले. दक्षिणेकडे पुरुष, उत्तरेकडे स्त्री. पुरुषाजवळ शस्त्रे पुष्कळ, पण मुकुट तांब्याचा, सोन्याचा मुलामा दिलेला. अस्सल सोन्याचा मुकुट निघाला तो बाईच्या बाजूस! झाडाच्या फांद्यांसारखे आणि हरणाच्या शिंगांसारखे त्याचे तुरे, आणि त्यांवर स्वल्पविरामाच्या आकाराचे हिरवे मणी. तिच्या सोन्याच्या कमरपट्ट्याला लोंबती पदके आहेत. ती पाहून मला आपल्या कमरेच्या छल्ल्याची आठवण झाली. चांदीच्या एका तुकड्यावर 'बाईसाहेबांचा पट्टा' एवढीच अक्षरे आहेत. नाव नाही.

राजाच्या बाजूस पश्चिमेकडील दूर देशांतून आलेली काचेची सुरई मिळाली. तिची मूठ कधीतरी मोडली असावी, कारण ती सोन्याची तार गुंडाळून सांधलेली आहे. म्हणजे राजवाड्यातही मोडलेली वस्तू टाकून देत नसत, हे वाचून मला बरे वाटले.

पण भगिनींनो, याच राजाच्या समाधीत सुमारे पंधरा वर्षांच्या एका मुलीचेही अवशेष मिळाले. राजाच्या सेवेसाठी तिलाही सोबत धाडले, असे पंडित मानतात. तेथे तशी चालच होती. राजा वारला की पाच पुरुष आणि पाच स्त्रिया त्याच्याबरोबर पुरीत, असे कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथात लिहिले आहे. इ. स. ५०२ मध्ये जिजुंग राजाने ही चाल बंद केली. त्याच वर्षी बैलांनी शेत नांगरण्यास आरंभ झाला, अशीही नोंद आहे. मला वाटते, त्या वर्षीच्या या दोन गोष्टी सगळ्या सोन्याहून मोलाच्या.

त्या मुलीला कोणी विचारले नसेल. आपल्याकडील सतीच्या दगडावर कोरलेला चुडा भरलेला हात पाहिला की माझ्या मनात हेच येते. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा धाकट्या भावंडांचे करीत घरी होते. मलाही शाळेचे कोणी विचारले नव्हते. त्या मुलीच्या दुःखाशी माझ्या दुःखाची बरोबरी मी करीत नाही; तसे करणे पाप होईल. पण मुलीच्या आयुष्याचे दुसऱ्यांनीच ठरवून टाकायचे, ही रीत मात्र ओळखीची वाटली.

माझी धाकटी मुलगी यंदा पंधरा वर्षांची आहे, दहावीत शिकते. हा लेख तिनेच तपासून दिला. पुढे काय शिकायचे ते मी परवा तिलाच विचारले. "विचार करून सांगते," म्हणाली. मी वाट पाहते आहे.