फरशीकामात उतरताय? ९० दिवसांची हजेरी लिहून ठेवा
माण, खटाव, आटपाडी, जतला पावसावरच्या शेतीत भागत नसेल, तर फरशीकाम शिकण्यासारखं आहे. सुरुवात चांगल्या मिस्त्रीच्या हाताखालीच करा. गुण्या, सूत, लेव्हल आणि बाथरूमचा ढाळ हातात बसला पाहिजे. बसवलेली फरशी ठोकून बघा. पोकळ वाजली तर पुढे फुटायची भीती.

कटर कोरडा चालवू नका. पाणी सोडून कापा, मास्क लावा. ती धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होऊ शकतो आणि तो बरा होत नाही.

वर्षात ९० दिवस काम भरलं, की ठेकेदार किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या दाखल्यावर १८ ते ६० वयातल्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. दाखलाच नसेल तर काम करूनही योजना हातच्या जातात.