फौजीच्या घरी येणारा पैसा कुठून येतो? संसदेतल्या मंजुरीपासून मोहर्लीच्या दारापर्यंत

मोहर्ली (ता. भद्रावती) : दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प सादर होतो आणि 'संरक्षणासाठी एवढे लाख कोटी' अशी बातमी मोबाईलवर येते. भद्रावती, चिमूर, मूल, सिंदेवाही भागातल्या गावांत मग प्रश्न निघतो. एवढा पैसा मंजूर झाला, तर आपल्या गावच्या रिटायर फौजीला काहीच का मिळत नाही? आणि शेजारच्या गावातल्या दुसऱ्याला दर महिन्याला पेन्शन कशी येते?

कारण सगळा पैसा एकाच खात्यातून येत नाही. काही पैसा संसदेच्या मतदानातून येतो, काही राज्याच्या तिजोरीतून, काही ग्रामपंचायतीच्या माफीतून, तर काही लोकांच्या देणगीतून. कोणता पैसा कुठला हे माहीत असलं तर अर्ज योग्य टेबलावर जातो आणि प्रश्न योग्य लोकप्रतिनिधीला विचारता येतो.

संसदेत नेमकं काय मंजूर होतं?

सरकारला खर्चासाठी लोकसभेची परवानगी घ्यावी लागते. राज्यघटनेच्या कलम ११३ प्रमाणे प्रत्येक खात्याच्या 'अनुदानाच्या मागण्या' सभागृहापुढे येतात. संरक्षण मंत्रालयाच्या अशा चार मागण्या असतात.

- मंत्रालयाचा नागरी खर्च
- सैन्यदलांचा रोजचा खर्च : पगार, राशन, इंधन, दुरुस्ती, दवाखाने
- भांडवली खर्च : विमानं, जहाजं, तोफा, नवीन बांधकाम
- संरक्षण पेन्शन

२०२५-२६ साठी या चारही मिळून सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले. त्यातले १ लाख ८० हजार कोटी भांडवली खर्चाचे आणि जवळपास १ लाख ६१ हजार कोटी पेन्शनचे. म्हणजे त्या वर्षी दर १०० रुपयांतले साडेतेवीस रुपये पेन्शनसाठी होते. देशभरात सुमारे ३४ लाख पेन्शनधारक आहेत. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेसाठी, म्हणजे ईसीएचएससाठी, त्या वर्षी ८,३१७ कोटी होते.

इथेच खरा वाद आहे. पेन्शनचा आकडा वाढला की नवीन शस्त्रांना पैसा कमी पडतो, असं एक बाजू म्हणते. ज्यानं तरुणपण सीमेवर घालवलं त्याची पेन्शन हा 'भार' कसा, असं दुसरी बाजू विचारते. पुढे अग्निपथ योजना आली, तेव्हाही हाच वाद पुन्हा पेटला.

चर्चा किती होते?

मागण्या मतदानाला येण्याआधी संरक्षण विषयाची स्थायी समिती त्या तपासते. या समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ खासदार असतात. समिती अधिकाऱ्यांना बोलावते, मागितले किती, मिळाले किती, खर्च किती झाले हे विचारते आणि अहवाल देते. पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते.

सभागृहात मात्र सगळ्या खात्यांवर बोलायला वेळ नसतो. ठरलेल्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला 'गिलोटिन' म्हणतात. मार्च २०१८ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये गदारोळामुळे सगळ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. त्यात संरक्षणाच्याही होत्या.

वन रँक वन पेन्शन : पाठपुरावा केला तर काय होतं

सारखा हुद्दा, सारखी नोकरी, तर पेन्शनही सारखी, मग रिटायरमेंट कोणत्याही वर्षी झालेली असो. ही मागणी कित्येक दशकं जुनी होती. २०११ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनं ती मान्य करण्याची शिफारस केली. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ५०० कोटी, जुलै २०१४ मध्ये १,००० कोटी अशा तरतुदी झाल्या. पण आदेश निघेना. जून २०१५ मध्ये माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले. ५ सप्टेंबर २०१५ ला तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली आणि ७ नोव्हेंबरला आदेश निघाला. लाभ १ जुलै २०१४ पासून धरला गेला.

दर पाच वर्षांनी पेन्शन नव्यानं ठरवायची असं ठरलं. पण २०१९ च्या फेरआढाव्याला मंत्रिमंडळाची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. थकबाकीसाठी सुप्रीम कोर्टाला २० मार्च २०२३ ला तारखा घालून द्याव्या लागल्या : आधी कुटुंब पेन्शनवाल्या विधवा आणि शौर्यपदक विजेते, मग सत्तरीच्या पुढचे, मग बाकीचे. म्हणजे तरतूद झाली म्हणून पैसा हातात आला असं होत नाही. आदेश निघावा लागतो, आणि त्यासाठी कोणीतरी मागे लागावं लागतं.

पेन्शनच नाही, त्याचं काय?

गावातला गोंधळ सगळ्यात जास्त इथे आहे. जवानाला पूर्ण पेन्शन मिळायला साधारण १५ वर्षांची नोकरी लागते. समजा, एखाद्यानं सात-आठ वर्षं नोकरी केली आणि आई-वडील आजारी म्हणून किंवा शेतीसाठी घरी परत आला. तो माजी सैनिक म्हणून नोंदला गेलेला असू शकतो, पण त्याला पेन्शन नाही. ईसीएचएस ही योजनाही मुख्यतः पेन्शनधारकांसाठी आहे. संसदेनं मंजूर केलेल्या या रकमेतला एक रुपयाही त्याच्या घरी येत नाही.

अशांसाठी आधार आहे तो सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचा. ७ डिसेंबरला शाळेत, तहसील कार्यालयात छोटा झेंडा देऊन जे पैसे गोळा करतात, तोच हा निधी. १९४९ पासून ही प्रथा आहे. केंद्रीय सैनिक बोर्ड या निधीतून मदत देतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं तीन मदती दुप्पट केल्या. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवे दर लागू आहेत.

- गरिबी अनुदान : ६५ वर्षांवरील, पेन्शन नसलेले आणि नियमित उत्पन्न नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा. महिन्याला ४,००० चे ८,००० रुपये.
- शिक्षण अनुदान : दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. दरमहा प्रत्येकी १,००० चे २,००० रुपये.
- विवाह अनुदान : दोन मुलींपर्यंत, तसंच विधवेच्या पुनर्विवाहासाठी. ५०,००० चे १ लाख रुपये.

शिक्षण आणि विवाहाची मदत हवालदार हुद्द्यापर्यंतच्यांसाठी आहे.

धानाच्या पट्ट्यात एकट्या राहणाऱ्या विधवेसाठी महिन्याचे ८,००० रुपये ही मोठी गोष्ट आहे. पण पेन्शन हा हक्क आहे, तर हे अनुदान मदत आहे. आपोआप येत नाही. अर्ज करावा लागतो, पात्रता दाखवावी लागते. ज्या घरी कोणाला माहितीच नाही, त्या घरी ती पोहोचत नाही.

अग्निवीर : पुढचा मोठा प्रश्न

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम होणार. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही आणि 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस पूर्ण होत आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. नियमानं कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांची सानुग्रह मदत, सेवानिधी असं मिळतं. पण नियमित जवानाच्या घरच्यांसारखी कुटुंब पेन्शन नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीरांच्या कुटुंबालाही नियमित सैनिकासारखे लाभ द्यावेत, अशी शिफारस केली. १ जुलै २०२४ ला लोकसभेत विरोधी पक्षनेते राहुल गांधी आणि संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्यात यावरूनच खडाजंगी झाली. भरपाई मिळत नाही असा एका बाजूचा आरोप, तर एक कोटी मिळतात असं सरकारचं उत्तर.

सकाळी रस्त्यावर धावून भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या घरी हा हिशेब आधीच समजलेला बरा.

भद्रावतीची फॅक्टरी कोणाची?

मोहर्लीपासून जवळची संरक्षण संस्था म्हणजे भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी चांदा. इथे दारूगोळा तयार होतो. आधी ती कोलकात्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाखाली थेट सरकारी कारखाना होती. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या ४१ फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. चांदा फॅक्टरी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. कामगार संघटनांनी संपाचा इशारा दिला, तेव्हा सरकारनं अत्यावश्यक संरक्षण सेवा विधेयक आणलं. लोकसभेत ते ३ ऑगस्ट २०२१ ला आणि राज्यसभेत ५ ऑगस्टला गदारोळातच मंजूर झालं.

फरक काय पडला? आता फॅक्टरीला सैन्याकडून ऑर्डर मिळाल्या तर कंपनीचं उत्पन्न, तिच्यावर कामगार आणि ठेकेदाराकडच्या मजुरांचं काम. जुन्या कामगारांना आधी दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर धरलं, मग मुदत वाढवत नेली. आणखी एक गोष्ट : फॅक्टरीचा कामगार संरक्षण खात्याचा असला तरी सैनिक नाही. वन रँक वन पेन्शन त्याला लागू नाही.

गडचिरोलीतले जवान 'माजी सैनिक' होतात का?

नाही. गडचिरोलीच्या जंगलात दिसणारे सीआरपीएफचे जवान केंद्रीय गृह मंत्रालयाचे, तर सी-६० चे जवान राज्य पोलिसांचे. त्यांचा पैसा संरक्षणाच्या मागण्यांत नसतो, गृह खात्याच्या मागणीत असतो. काम तेवढंच धोक्याचं, पण जिल्हा सैनिक कार्यालयाच्या योजना त्यांना लागू नाहीत. २००४ नंतर भरती झालेल्या केंद्रीय दलांच्या जवानांना जुनी पेन्शन द्यावी, असा निकाल दिल्ली हायकोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये दिला. त्याला पुढे सुप्रीम कोर्टात स्थगिती मिळाली.

राज्य आणि ग्रामपंचायत काय देते?

राज्यात हा विषय सामान्य प्रशासन विभागाकडे आहे. त्याखाली पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी कार्यालय. जिल्हा सैनिक बोर्डाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. या यंत्रणेचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदारही यावर प्रश्न विचारू शकतात.

- नोकरी : राज्याच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे.
- घरपट्टी : २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेतून ग्रामपंचायत हद्दीतही माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ झाली. अर्ज ग्रामपंचायतीत करायचा.
- सैनिकी शाळा : चंद्रपूर-बल्लारपूर मार्गावर विसापूरजवळ २०१९ मध्ये सैनिकी शाळा सुरू झाली. साताऱ्यानंतर राज्यातली ही दुसरी. जमीन आणि इमारत राज्याची, शाळा चालवते संरक्षण मंत्रालयाची सोसायटी. प्रवेश सहावी आणि नववीत. अनुसूचित जमातीसाठी ७.५ टक्के जागा असतात आणि सैनिक-माजी सैनिकांच्या मुलांसाठीही जागा राखीव असतात.

कोणता प्रश्न कोणाला विचारायचा?

- पेन्शन कमी आली, थकबाकी राहिली : स्पर्श पोर्टल किंवा जवळचं सीएससी केंद्र. वर्षातून एकदा हयातीचा दाखला चुकवू नये.
- पेन्शन नाही, वय ६५ च्या वर, विधवा, मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न : जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी कार्यालय. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाईन भरावा लागतो.
- घरपट्टी : ग्रामपंचायत.
- कायदा, पेन्शनचा नियम, अग्निवीर, फॅक्टरी : खासदार. राज्याच्या योजना : आमदार.

सोबत ठेवायचे कागद : डिस्चार्ज बुक, पीपीओ (असल्यास), माजी सैनिक किंवा विधवा ओळखपत्र, आधार, बँक पासबुक. डिस्चार्ज बुकात बायको-मुलांची नावं आणि जन्मतारखा बरोबर आहेत का, हे फौजी हयात असतानाच तपासून घ्यावं. नंतर विधवेला त्याच एका चुकीसाठी खेटे घालावे लागतात.