चितेतला क्रूस

वसईच्या ख्रिस्ती माणसाला नागासाकी हे नाव परके नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे क्रूसावर प्राण देणाऱ्या सव्वीस रक्तसाक्ष्यांत आपले गोन्सालो गार्सिया होते. १८६२ साली नववे पायस ह्यांनी त्यांना संतपद दिले. मात्र त्याच नागासाकीत १६३३ साली जे घडले, त्याचा सण आपण साजरा करीत नाही. जपानी मिशनची धुरा वाहणारे पोर्तुगीज येशूसंघीय फादर क्रिस्तोव्हाव फरेरा ह्यांना खड्ड्यात उलटे टांगण्यात आले आणि पाच तासांनी त्यांनी श्रद्धा नाकारली. पुढे सावानो च्युआन ह्या नावाने ते राज्यकर्त्यांच्या चाकरीत जगले.

शुसाकू एंडो ह्या कॅथॉलिक जपानी लेखकाने १९६६ साली ‘चिन्मोकु’, म्हणजे ‘मौन’, ही कादंबरी लिहिली ती ह्या पडलेल्या माणसांविषयी. गुरूचा शोध घेत जपानात शिरणारा तिचा नायक फादर रॉड्रिग्ज हा ज्युझेप्पे कियारा ह्या सिसिलियन येशूसंघीयावरून घडविला आहे. कियारा १६४३ साली पकडले गेले आणि १६८५ साली जपानी नाव धारण केलेल्या अवस्थेत वारले. मासाहिरो शिनोदा ह्यांनी १९७१ साली कादंबरीवर चित्रपट काढला. त्याच्या पटकथेत स्वतः एंडोंचा हात होता. आपल्याकडे अधिक परिचित आहे तो मार्टिन स्कॉर्सेसी ह्यांचा २०१६ सालचा ‘सायलेन्स’.

स्कॉर्सेसी कादंबरीशी बरेच प्रामाणिक आहेत. काही काटछाट आहे. कादंबरीतले धर्मगुरू लिस्बनहून गोव्यामार्गे मकावला जातात; चित्रपटाने गोवा गाळला आहे. (गोमंतकीय वाचकाने त्यांना क्षमा करावी!) वारंवार विश्वासघात करून वारंवार पापनिवेदनाला येणारा किचिजिरो मात्र दोन्हीकडे तितकाच जिवंत आहे. त्याचा राग येतो, आणि थोड्या वेळाने त्याच्यात आपला चेहरा दिसू लागतो.

खरा फरक शेवटाचा आहे. खड्ड्यात टांगलेल्या जपानी श्रद्धावंतांना वाचविण्यासाठी रॉड्रिग्ज प्रभूच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. एंडोंनी आरंभी त्याची पत्रे दिली आहेत, तेथे तो स्वतः बोलतो. मग निवेदन तृतीयपुरुषी होते. त्यानंतर डच कारकुनाची रोजनिशी येते आणि शेवटी त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या जपानी अधिकाऱ्याची दप्तरी टिपणे. जसजसे पुढे जावे, तसतसा तो आपल्यापासून दूर नेला जातो. त्याच्या मृत्यूची आणि दहनाची नोंद आपण सरकारी कागद वाचावा तशी वाचतो. अंतःकरणात श्रद्धा उरली होती का, हे दप्तराला ठाऊक नाही. मात्र दप्तर लिहिणाऱ्याच्या नजरेतून निसटलेले काही त्या कोरड्या ओळींत शोधत आपण थांबतो.

चित्रपटही डच निवेदकापर्यंत कादंबरीबरोबर चालतो. परंतु शेवटच्या क्षणी कॅमेरा त्या बंद पेटीत शिरतो. ज्वाळांच्या उजेडात मृताच्या मुठीत एक लहानसा क्रूस दिसतो. समुद्रात खांबाला बांधून मारलेल्या मोकिचीने दिलेला तोच क्रूस. तो पाहताना डोळे भरून येतात. तरीही माझे मत कादंबरीच्या बाजूला पडते. जे केवळ परमेश्वरालाच दिसावे, ते कॅमेऱ्याने आम्हाला दाखविले, आणि मग आमच्याकडे विश्वास ठेवण्याजोगे काही उरले नाही.

अर्थात, इतिहासाने स्कॉर्सेसींच्या बाजूनेही एक साक्ष ठेवली आहे. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये फादर पेतिजाँ ह्यांच्याजवळ काही खेडूत आले आणि आपली श्रद्धा तीच असल्याचे त्यांनी हळूच सांगितले. अडीचशे वर्षांच्या बंदीत धर्मगुरूविना त्यांनी ती जपली होती. त्यांचे वाडवडील वर्षानुवर्षे त्या प्रतिमेवर पाय ठेवीत आले होते.