विस्तृत क्षेत्र जाळ्याचा राउटर

विस्तृत क्षेत्र जाळ्याचा राउटर हे एका ठिकाणचे संगणकजाळे दूरच्या जाळ्याशी जोडणारे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची पुढची वाट ठरवणारे उपकरण आहे. एका इमारतीतील संगणकांच्या जाळ्यास स्थानिक क्षेत्र जाळे म्हणतात. गावे, जिल्हे वा राज्ये ओलांडून जाणाऱ्या जाळ्यास विस्तृत क्षेत्र जाळे अशी संज्ञा आहे. राउटर या दोहोंच्या वेशीवर बसतो. प्रस्तुत लेखात हे उपकरण बसवण्याचे व त्याच्या जुळणीचे काम जळगाव जिल्ह्यातील रावेर या तालुक्याच्या ठिकाणाच्या संदर्भात वर्णिले आहे. मोठ्या शहरात एक वाट बंद पडली तर दुसरी जवळच सापडते. तालुक्याच्या ठिकाणी तशी सोय सहज मिळत नाही, त्यामुळे राउटरच्या उभारणीतील उणिवा तेथे लवकर उघड्या पडतात.

पार्श्वभूमी

पॅकेट पुढे पाठवण्याचे काम करणारी पहिली यंत्रे १९६९ साली अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यात बसवली गेली. भिन्न प्रकारच्या जाळ्यांना जोडणारे राउटर १९८०च्या दशकात बाजारात आले. या व्यवसायातील सिस्को ही कंपनी १९८४ साली स्थापन झाली. भारतात १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांची मुख्यालये उपग्रहाद्वारे जोडणारे निकनेट उभारले. उपग्रहाची वाट डोंगर-नद्यांना जुमानत नसे, परंतु ती लांब होती. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ५०० किलोमीटरच्या तारेवरून तेच जाणे-येणे तत्त्वतः पाच मिलिसेकंदांत होते, प्रत्यक्षात वळणे आणि वाटेवरील उपकरणे यांमुळे काहीसे अधिक.

मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने राज्यव्यापी क्षेत्र जाळ्यांची योजना मंजूर केली. तिच्यासाठी ३,३३४ कोटी रुपयांची तरतूद होती आणि राज्याचे मुख्यालय, जिल्हा व तालुका अशा उतरत्या क्रमाने किमान दोन मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची जोडणी अपेक्षित होती. महाराष्ट्र राज्य विस्तृत क्षेत्र जाळे याच योजनेतील आहे. दोन मेगाबिट ही क्षमता आज तुटपुंजी वाटते, तथापि त्या काळी तालुक्याच्या कचेरीतून ती मिळणे ही मोठी गोष्ट होती.

जाळ्याचे महत्त्व त्यावरून चालणाऱ्या कामांमुळे वाढत गेले. दस्तनोंदणी, फेरफार, विविध दाखले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही कामे दूरच्या संगणकावर अवलंबून आहेत. जोडणी तुटली म्हणजे कागद दप्तरात असूनही अधिकृत उतारा हाती पडत नाही.

रावेरचे भौगोलिक स्थान

रावेर हे सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले आहे. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्ग आणि मध्य रेल्वेचा भुसावळ–खंडवा मार्ग या येथील प्रमुख वाटा. दूरसंचाराच्या तारा बहुधा रस्त्याच्या वा लोहमार्गाच्या कडेनेच टाकल्या जातात, म्हणून या दोन वाटांना येथे विशेष अर्थ आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तापी. रावेर नदीच्या उत्तरेस आणि भुसावळ व जळगाव दक्षिणेस असल्याने रावेरहून जिल्ह्याच्या मुख्यालयाकडे जाणाऱ्या जमिनीवरील तारेला तापी ओलांडावीच लागते. नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवलेल्या दोन तारा एकाच पुलाच्या कठड्याला बांधलेल्या असतील, तर त्यांना दोन मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. पूर्वेस बऱ्हाणपूर जवळ आहे खरे, परंतु ते मध्य प्रदेशाच्या दूरसंचार परिमंडळात येते, आणि त्या बाजूने जोडणी घ्यायची तर प्रशासकीय सोपस्कार वेगळे पडतात.

हा तालुका केळीसाठी प्रसिद्ध आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. मे-जूनमधील वादळवाऱ्यात केळीच्या बागा आडव्या होतात, आणि त्याच वाऱ्यात विजेचे खांबही पडतात. पंचनामे, सातबारा व विम्याची कागदपत्रे यांची सर्वाधिक निकड असते त्या आठवड्यातच वीज व जोडणी दोन्ही जाण्याचा संभव अधिक असतो. येथील राउटरची उभारणी हा आठवडा डोळ्यांसमोर ठेवून करावी लागते.

जागा, वीज आणि उष्णता

कार्यालयांसाठी बनवलेल्या अनेक राउटरांची कामकाजाची कमाल तापमानमर्यादा ४० अंश सेल्सिअस असते. खानदेशच्या उन्हाळ्यात सावलीतील तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील बंद खोलीत, काचेचे दार लावलेल्या कपाटात ते आणखी वाढते. तळमजल्यावरील, पश्चिमेचे ऊन न लागणारी, हवा खेळती असलेली खोली निवडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. वातानुकूलन असल्यास ते कार्यालय सुटल्यावर बंद होते काय, हेही पाहावे लागते. राउटर रात्रीही चालू असतो.

आर्थिंगकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. न्यूट्रल आणि आर्थ यांमधील दाब साधारणपणे तीन व्होल्टच्या आत असावा, अशी तंत्रज्ञांची रीत आहे. काळ्या मातीची जमीन पावसाळ्यात ओलावा धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ऑगस्टमध्ये उत्तम ठरलेले आर्थिंग मे महिन्यात निकामी असू शकते. त्याची मोजणी उन्हाळ्यात करणे इष्ट. यूपीएसवर राउटरबरोबरच तारेच्या टोकाचा कनव्हर्टर व स्विच हेही घेतले पाहिजेत. राउटर यूपीएसवर आणि कनव्हर्टर भिंतीच्या साध्या सॉकेटवर अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी आढळते. वीज गेली की राउटरचे दिवे लागलेले राहतात, जोडणी मात्र जाते.

पत्त्यांची रचना

जाळ्यातील पत्त्यांची कल्पना पिनकोडवरून चटकन येते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत रावेरचा क्रमांक ४२५५०८ आहे. दूरच्या राज्यातील टपाल छाटणाऱ्याला आरंभीच्या ४ वरून पत्र कोणत्या विभागात धाडायचे ते कळते. ४२५ वरून ते खानदेशच्या वाटेला लागते. शेवटचे आकडे जवळ पोहोचल्यावरच उपयोगी पडतात. आयपी पत्त्यातही आरंभीचा भाग जाळ्याचा आणि उरलेला भाग त्यातील यंत्राचा असतो. हे दोन भाग कोठे वेगळे होतात, ते मास्क सांगतो.

उदाहरणादाखल तालुका कार्यालयाच्या आतील जाळ्यास १०.२०.३०.० आणि मास्क २५५.२५५.२५५.० दिला असे समजू. त्यात २५६ पत्ते येतात. पहिला जाळ्याचा व शेवटचा सर्वांना उद्देशून असलेल्या संदेशाचा म्हणून २५४ वापरता येतात. जिल्हा व तालुका यांमधील तारेला केवळ दोन टोके असतात. तिच्यासाठी २५५.२५५.२५५.२५२ हा मास्क पुरतो, कारण त्यातील चार पत्त्यांपैकी दोन वापरण्याजोगे असतात. १० ने आरंभ होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, ते इंटरनेटवर धावत नाहीत.

जुळणी

नव्या राउटरशी पहिला संवाद कन्सोल केबलद्वारे होतो. बहुतेक जुन्या प्रचलित उपकरणांत त्याचा वेग ९,६०० बॉड असतो, आणि तो न जुळल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. नाव, पासवर्ड, दोन्ही पोर्टांचे पत्ते आणि मार्ग, एवढी तालुक्याच्या राउटरची मूळ जुळणी असते. तालुक्याला सगळ्या राज्याची वाट ठाऊक असण्याची गरज नाही. 'माहीत नसलेले सारे जिल्ह्याकडे पाठव' असा एक मूलमार्ग त्याला पुरतो.

घोळ होतो तो परतीच्या वाटेत. रावेरचे पॅकेट जिल्ह्याकडे गेले, तरी १०.२०.३०.० हे जाळे रावेरकडे आहे हे जिल्ह्याच्या राउटरला सांगितलेले नसेल तर उत्तर परत येत नाही. हा दोष फसवा आहे. रावेरच्या राउटरवरून जिल्ह्याचा पत्ता पिंग केला असता तो यशस्वी होतो, कारण त्या वेळी राउटर तारेच्या टोकाचा पत्ता वापरतो आणि तो जिल्ह्याला ओळखीचा असतो. तंत्रज्ञ समाधानाने परततो; कार्यालयातील एकही संगणक चालत नाही. म्हणून पिंग करताना आतील पोर्टचा पत्ता उगम म्हणून द्यावा लागतो.

दुसरा फसवा दोष पॅकेटच्या आकाराचा. इथरनेटवर पॅकेट सामान्यतः १,५०० बाइटपर्यंत असते. दोन राउटरांमध्ये जीआरई प्रकारचा बोगदा केला की त्याचे वेष्टन २४ बाइट खाते व १,४७६ उरतात. ही मर्यादा नीट कळवली गेली नाही तर लहान पाने उघडतात, गट क्रमांक शोधता येतो, परंतु उताऱ्याची प्रत उतरवताना काम मध्येच थांबते. रांगेतील शेतकरी 'सर्व्हर डाउन' असे ऐकून परत जातो, सर्व्हर मात्र व्यवस्थित चालू असतो. मोठ्या आकाराचे, तुकडे न करण्याची खूण असलेले पिंग पाठवले की हा दोष पाच मिनिटांत उघड होतो.

जुळणी पूर्ण झाल्यावर ती कायमस्वरूपी स्मृतीत साठवावी लागते. अनेक राउटरांत चालू जुळणी व साठवलेली जुळणी या वेगळ्या असतात, आणि न साठवलेले बदल पुढच्या वेळी वीज जाताच नाहीसे होतात.

दुसरी वाट

मुख्य तार तुटल्यास आपोआप वापरात यावी अशी दुसरी जोडणी ठेवण्याची पद्धत आहे. ती दुसऱ्या कंपनीची तार, मोबाइल जाळे वा उपग्रह यांपैकी कोणतीही असू शकते. सर्वांत सोपी जुळणी म्हणजे कमी पसंतीचा दुसरा मूलमार्ग लिहून ठेवणे. पहिला नाहीसा झाला की राउटर दुसरा घेतो.

पहिला मार्ग नाहीसा होतो केव्हा, हाच येथे कळीचा प्रश्न आहे. राउटर शेजारच्या कनव्हर्टरला तांब्याच्या लहान केबलने जोडलेला असतो. सावद्याजवळ खोदकामात जेसीबीने प्रकाशतंतू तोडला, असे समजू. ही लहान केबल शाबूत असल्याने राउटरच्या लेखी पोर्ट चालूच राहतो, पहिला मार्ग यादीत कायम राहतो आणि दुसरी जोडणी उपलब्ध असूनही सारी पॅकेटे तुटलेल्या तारेत जात राहतात. यासाठी दूरच्या टोकाची प्रकृती सतत तपासणारी व्यवस्था हवी. ओएसपीएफ या मार्गनियमात शेजारी राउटर एकमेकांना थेट जोडणीवर सामान्यतः दर १० सेकंदांनी नमस्कार पाठवतात आणि ४० सेकंद काही न आल्यास शेजारी गेला असे मानतात.

मोबाइल जाळ्याची वाट स्वस्त व झटपट असली, तरी त्या मनोऱ्याची पुढची तारही कदाचित त्याच खंदकातून जाते. वादळाच्या आठवड्यात मनोऱ्याला वीजही हवी. तार, तिचा पूल आणि तिची वीज या तिन्ही बाबतींत निराळी असलेली वाटच खऱ्या अर्थाने दुसरी ठरते. या दृष्टीने उपग्रहाची जुनी, संथ वाट अद्याप टाकाऊ झालेली नाही.

सुरक्षा व नोंदी

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे हा सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत अक्षम्य हलगर्जीपणा आहे. दुरून जुळणी बदलण्यासाठी टेलनेट बंद करून एसएसएच वापरतात, कारण टेलनेटवर पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो. अशी दूरस्थ प्रवेशाची मुभा जिल्ह्याच्या ठरावीक पत्त्यांपुरतीच असावी. घड्याळ अचूक असणे हाही सुरक्षेचाच भाग होय. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवण्यास आणि नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. ज्या राउटरचे घड्याळ प्रत्येक वीजखंडानंतर कारखान्यातील तारखेवर जाते, त्याच्या नोंदींना पुरावा म्हणून किंमत राहत नाही.

चाचणी व हस्तांतरण

चाचणी म्हणजे तार खरोखर काढून पाहणे. मुख्य जोडणीची तार आपल्या टोकाला काढल्यास पोर्ट लगेच बंद होतो आणि दुसरी वाट सुरू होते. ही सोपी परीक्षा झाली. खरी परीक्षा जिल्ह्याच्या टोकाला तार काढून घ्यावी लागते, कारण जेसीबी तोडतो तो दुवा दूरचा असतो. त्यानंतर विजेचा मुख्य खटका पाडून यूपीएस किती वेळ तग धरतो हे घड्याळ लावून पाहतात.

राउटर जळाला तर दुसरा आणून तीच जुळणी चढवावी लागते. तिची प्रत जिल्ह्यात असतेच, परंतु जोडणीच नसताना ती दुरून उतरवता येत नाही. म्हणून अद्ययावत प्रत पेन ड्राइव्हवर, पासवर्ड वेगळ्या मोहोरबंद लिफाफ्यात, आणि प्रत्येक केबलला तिच्या दोन्ही टोकांची नावे लिहिलेली चिठ्ठी, एवढे साहित्य कार्यालयाच्या ताब्यात देऊन त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत केली जाते. केंद्रातून आपोआप जुळणी उतरवून घेणारे नव्या पिढीचे राउटर आता मिळू लागले आहेत. त्यांतही तारेच्या टोकाचा पत्ता आणि आर्थिंगची मोजणी ही दोन कामे जागेवरच करावी लागतात.