तंजावरचे एक पत्र

प्रशासनात समानता म्हणजे सर्वांना एकच नियम, असे मी अनेक वर्षे मानत आलो. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या १८०१ मधील एका पत्राने ही समजूत हलली.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. तरीही राजांनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांची, म्हणजे वाटसरूंसाठीच्या अन्नछत्रांची, बाजू मांडली. छत्रात आलेल्या परक्या प्रवाशांची अनाथ मुले पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, कपडे व औषध मिळे. आणि ज्या विद्येची आवड ते मूल सांगेल, ती त्याला शिकवली जाई. ही आजच्या अर्थाची समता नव्हती; जातीची बंधने होतीच. पण त्या मुलाला काय हवे, हे त्यालाच विचारले जात होते.

याच राजांनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा तमिळ देशातला नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री येते. राजांनी तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. नवी विद्या आली, ती ओळखीच्या आवाजात.

आपणही परमुलखात राहतो. आपली मुले वेगळ्या भाषेच्या वर्गात बसतात, तशीच इतरांची मुले महाराष्ट्रातल्या शाळांत येतात. पुस्तके व माध्यान्ह भोजन दिल्याची नोंद आम्ही चोख ठेवतो. मुलाला काय विचारले, याचा रकाना मात्र मला कोणत्याही तक्त्यात आढळलेला नाही.