कांदळवनाचा नकाशा

सिंदी (रेल्वे)हून गाडीने नागपूरकडे निघालो, तर वाटेत समुद्र लागण्याचा प्रश्नच नाही. पण मुंबईच्या खाड्यांतील कांदळवनांचे नकाशे उपग्रहचित्रांवरून काढले ते नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्राने, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

१९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते आले १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने. तरीही मुंबईत भराव पडतच राहिले. कांदळवन म्हणजे चिखल नि डास, ही समजूत चांगल्या शिकलेल्यांचीही होती. वास्तविक लाटांचा जोर मोडतो तो याच झाडांच्या मुळांत, आणि मासळीची पिले वाढतात तीही तिथेच. अखेर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तोडीवर बंदी घातली व भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला लावला. नकाशा हाती आल्यावर ‘इथे कांदळवन नव्हतेच’ असे म्हणणे अवघड झाले. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष निघाला.

२०१९ च्या अधिसूचनेने मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरची २०० मीटरची बांधकामबंदी ५० मीटरवर आणली. कोळ्यांना घरासाठी जागा हवीच होती. पण त्या जागेवर हॉटेलवाल्यांचाही डोळा आहे.